जाळीखालचा बेडूक

बाथरूमची फरशी उखडता उखडता प्लंबर मध्येच थांबला. "साहेब, मोरीच्या जाळीखाली बेडूक बसलाय. टाकू बाहेर?"

प्राध्यापक धावत आले आणि पाहतच राहिले. पाठीवर पिवळा पट्टा! रस्तेही व्हावेत आणि तळ्याकाठचे जीवही जगावेत, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. हाच दुर्मीळ बेडूक शोधत त्यांनी किती चिखल तुडवला होता, आणि हा पठ्ठ्या घरातच मुक्काम ठोकून होता.

"हात लावू नका! काम बंद!"

"बंद म्हणजे? कधीपर्यंत?" बायको पदार्थ ढवळायचा डाव हातात घेऊनच आली. "संध्याकाळी आई येतेय माझी."

"तो आपणहून जाईपर्यंत."

प्लंबर हत्यारं गोळा करून निघून गेला. प्राध्यापकांना मग आठवलं, साबणाचं पाणी बेडकाला बाधतं. आंघोळी बंद झाल्या. स्वयंपाकघराचं पाणीही त्याच मोरीतून जात होतं, म्हणून भांडीही तशीच राहिली.

"तुमचं संशोधन काय म्हणतं अशा वेळी?" बायकोनं विचारलं.

"स्थानिकांना विश्वासात घेऊन मार्ग काढावा."

"मग घ्या ना! आम्हीच स्थानिक."

"तसा... तोही स्थानिकच." बोलता बोलता प्राध्यापकांचाच गोंधळ उडाला. दोघांपैकी आधी राहायला कोण आलं, हे त्यांना काही केल्या ठरवता येईना.

सासूबाई आल्या. बाथरूमच्या दारात बॅग टेकवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग मी हातपाय कुठे धुवायचे?"

"तुमची पर्यायी सोय करतो ना," प्राध्यापक रस्त्यांच्या बैठकांमधल्या सवयीनं बोलून गेले. कुठे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सासूबाईंनी जावयाकडे नीट पाहिलं, बॅग उचलली आणि धाकट्या लेकीचं घर गाठलं. बायको तोंड फिरवून बसली. प्राध्यापकांनी बॅटरी घेऊन जाळीखाली डोकावलं. बेडूक नव्हता! बादलीमागे नाही, पाइपात नाही. आनंद मानावा की दुःख, त्यांना कळेना.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई होत्या.

"जावईबापू, माझ्या बॅगेत पिवळ्या पट्ट्याचा एक जण बसलाय."

"हात लावू नका!"

"नाही लावला. माझे कपडे त्याच्याखाली आहेत, औषधं आहेत, चष्माही आहे. सगळं काम बंद ठेवून बसलेय. आता माझी पर्यायी सोय सांगा."

प्राध्यापकांनी फोन बायकोच्या हातात दिला.