थिओभाऊंचा एकच प्रश्न

आमच्या खालच्या मजल्यावरचे थिओभाऊ माणसाला नमस्कार करत नाहीत. थेट विचारतात, "तुमच्या घरात काम करताना कोण गायचं? काय गायचं?" पोस्टाच्या बाईला विचारतात, पाववाल्याला विचारतात. एकदा बसमध्ये तिकीट तपासणाऱ्यालाही विचारलं होतं.

जर्मनीत ब्राउनश्वाइगला मुलाकडे येऊन मला दोन वर्षं झाली. 'भाऊ' मी आपलं मनातल्या मनात लावते. साठीचे, उंच, वर्णानं काळे, कुरळे केस पिकलेले आणि पायात दोन रंगांचे मोजे. ते पियानो वाजवतात. जॅझ म्हणतात त्याला, असं माझी सून केतकी सांगते. साथीला कुणी नाही, एकटेच. त्यांची आई इथली, वडील अमेरिकेतले काळे सैनिक. त्या वडिलांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून नेलेलं. ती माणसं शेतात राबताना जे गायची, ते थिओभाऊ पियानोत शोधतात.

"मग सापडलं का?" मी केतकीला विचारलं.

"अहो आई, ती काय हरवलेली किल्ली आहे?"

एकदा हायट्सुंग, म्हणजे घर गरम ठेवणारं यंत्र, तपासायला माणूस आला. भाऊंनी त्याला जिन्यातच गाठलं. त्याचा बाप भिंती रंगवताना शीळ घालायचा म्हणे. झालं! त्याला आत नेला, कॉफी पाजली आणि अर्धा तास शीळ घालायला लावली. मधूनमधून भाऊंचा आवाज वर येई, "नोख माल!" म्हणजे पुन्हा एकदा. तो माणूस इतका खूश झाला, की शीळ घालतच गाडीत बसून निघून गेला. आम्ही दोन दिवस स्वेटर घालून जेवलो.

दुसऱ्या मजल्यावरच्या फ्राउ लांगे, म्हणजे लांगेबाई, तोंड वाकडं करून म्हणाल्या, "माझी सासू गायची नाही. शिव्या द्यायची."

"गेनाऊ! अगदी बरोबर! मला तेच हवंय," भाऊ म्हणाले.

पुढं आठ दिवस पियानोतून सासू भांडत होती. फ्राउ लांगे जिन्यात उभ्या राहून ऐकायच्या आणि "हीच ती, हीच!" असं पुटपुटत तरातरा वर जायच्या.

मग माझी पाळी आली. मी आणि केतकी भाजी घेऊन येत होतो. भाऊंनी विचारलं, केतकीनं मला मराठीत सांगितलं.

माझी आई जात्यावर ओव्या गायची. शंभर तरी मला पाठ आहेत. पण केतकी इंजिनिअर, तिची आई शास्त्रीय गाणं शिकलेली. मी चौथी पास. तिच्यापुढं जातं आणि नाचणी कुठं काढू? मी म्हटलं, "माझी आई गायची नाही. गप्प असायची."

"अगदी गप्प?"

"अगदी."

भाऊंनी ते वहीत लिहून घेतलं आणि माझी पिशवी वर आणून दिली.

महिन्याभरानं चर्चच्या हॉलमध्ये दुपारी त्यांचं वादन होतं. सगळी इमारत गेली. शीळ वाजली, सासू भांडली, लोक पोट धरून हसले. मग भाऊ उठले आणि माझ्याकडे हात करून काही बोलले. केतकी कानात म्हणाली, "आता तुमच्या आईंचं."

ते पियानोपुढं बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. बस. वाजवलंच नाही. अख्खा हॉल डोळे मिटून माझ्या आईचं गप्प असणं ऐकत होता. फ्राउ लांगेंनी माझा हात घट्ट धरला.

जिचा आवाज चार घरं ओलांडून जायचा, तिला मी परक्या मुलखात मुकी करून ठेवली होती. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडतेय.

दुसऱ्या दिवशी केतकीला सगळं सांगितलं.

"धन्य आहात! मला तरी कधी एखादी म्हणून दाखवलीत?" ती म्हणाली आणि मला हाताला धरून खाली घेऊन गेली.

"मी खोटं बोलले," मी दारातच खाली बघत म्हटलं. केतकीनं ते जर्मनमध्ये सांगितलं, तेव्हा दुसऱ्यांदा खाली बघावं लागलं. आत जाऊन मी डोळे मिटले.

*नाचणी दळते बाई, हात चाले, पाठ दुखे*
*माझं माहेर डोंगरात, मन तिथं जाऊन टेके*

भाऊंनी आईचं नाव विचारलं. "हौसा," मी म्हटलं. त्यांनी वही काढली, 'गप्प' खोडलं आणि ते नाव लिहिलं. त्याच पानावर सगळ्यांत वर नावाच्या जागी नुसती रेघ होती.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"माझ्या आजीची. वडिलांच्या आईची. मी जन्मायच्या आधीच वडील परत गेले. तिचं नाव मला कुणी सांगितलं नाही. ती काय गायची, हे विचारायला कुणी नाही. म्हणून दुसऱ्यांना विचारत फिरतो."

हे मला मराठीत सांगताना केतकीचा आवाज बारीक झाला. मी तिला म्हटलं, "त्यांना सांग, आमच्याकडे ओवी कुणाच्या तरी नावानं गातात. भावाच्या, लेकीच्या. आणि कित्येक बायांचं खरं नाव गावाला ठाऊकच नसायचं. अमक्याची आई, तमक्याची आजी. तेवढ्यावर ओवी होते."

आणि मी 'थिओची आजी' घालून ओवी म्हटली. आवाज फाटला. स्वतःचं नाव ऐकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते. बाप्यामाणसाला असं पाहून मला मान वर करवेना. मग खाली बघूनच दुसरी म्हटली, तीही तिच्याच नावानं.