बाईंचे जंतू आणि अक्कांचा हातभार

धाकट्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षी अक्कांना प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्याच्या कामावर लागून अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत त्यांनी पुष्कळ शहाणी माणसं पाहिली. पण जंतूंवर काम करणाऱ्या बाईंसारखी एकही नाही. औषधी पाल्याचा अर्क काढायचा, बशीत वाढणाऱ्या जंतूंवर घालायचा आणि काय होतं ते टिपायचं. चार वर्षं बाई मान मोडून हेच करत होत्या. आता शुक्रवारी परीक्षक यायचे होते. मुदत दोनदा वाढवून झालेली. या खेपेला शेवटचा प्रयोग दाखवता आला नाही, तर पदवीवर पाणी.

सोमवारी बाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या.

"सगळ्या बशा कोऱ्या, अक्का. जंतू उगवतच नाहीत."

"मग बरंच झालं की! मेले एकदाचे."

"अहो, नुसतं पाणी घातलेल्या बशीतही मेले! पाण्याने कधी जंतू मरतात?"

पंधरवडाभर हेच चाललं होतं. बाईंनी आधी जंतू बदलले, नवेही मेले. मग उबेच्या कपाटावर संशय गेला. कारागिराने ते पूर्ण खोललं, ठणठणीत आहे म्हणाला, आणि परत जोडल्यावर दोन स्क्रू उरले ते खिशात घालून गेला. मग पाण्यातच काही असेल, असं निघालं. हे ऐकताच, तेच पाणी पिणाऱ्या विभागप्रमुखांचं पोट दुखू लागलं आणि ते रजेवर गेले.

बाईंच्या डोळ्यांत पाणी पाहून अक्कांना राहवेना.

"एक सांगू? रागावणार नाही ना? बशा धुतल्यावर शेवटचा हात मी जंतुनाशकाचा देते. फरशीचं नव्हे हो! चांगलं, बिनवासाचं."

"कधीपासून?"

"तुमची तारीख ठरली तेव्हापासून. म्हटलं, पोर एवढी राबते, जंतू काही हटत नाहीत. आपलाही हातभार."

बाईंना हसावं की रडावं कळेना. "अक्का, मला ते मारायचेच नाहीत! जंतूच्या अंगात विष बनवायचा हुकूम असतो. जनुक म्हणतात त्याला. अर्काने तो हुकूम गप्प होतो का, ते बघायचंय. जंतू जगू दे, विष नको."

"म्हणजे नणंद घरात राहू दे, टोमणे बंद?"

"अगदी तस्सं!"

"अगं बाई! मग हे औषध दुकानात कधी येणार?"

त्या दिवशी अक्कांनी प्रत्येक बशी पंधरा पाण्यांतून काढली. बुधवारी दार उघडायच्या आधीच त्या हजर. कपाटात डोकावल्या आणि ओरडल्या, "बाई, उगवले! काय बाळसं धरलंय!"

शुक्रवारी परीक्षकांनी बशा पाहिल्या, यंत्राचा कागद वाचला. अर्कातल्या जंतूंमध्ये विषाचं जनुक गप्प झालं होतं.

"आणि जंतू किती मेले?"

"एकही नाही, सर."

"वा! हीच तर खरी कमाल," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी सही केली. दाराबाहेर अक्का कान लावून उभ्या होत्या.

बाई बाहेर आल्या, अक्कांच्या गळ्यातच पडल्या. मग म्हणाल्या, "आता त्या बशा वाफेच्या भांड्यात घाला. काम झालं की मारावे लागतात. नियमच आहे."

अक्कांनी बशा छातीशी धरल्या. "इतके गुणी झाले, आणि आता मारायचे? बिनविषारी तरी ठेवू या की."

"अक्का!"

शुक्रवारी दुपारी सव्वातीन वाजता बाईंचे सगळे जंतू मेले.