डीबगरला कायमचं ‘नाही’

‘नाही’ म्हटलं म्हणून आजवर कोणाची चौकशी झालेली नाही. चौकशी होते ती ‘हो’ म्हणणाऱ्याची. आमची डोंबिवलीची गॅस एजन्सी याच तत्त्वावर उभी आहे.

त्र्याण्णव साली तिच्यात कॉम्प्युटर आला (नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं, ते शुभ मानण्यात आलं). त्याचा प्रोग्राम महिनाअखेरीला सिलिंडरचा नंबर लावणाऱ्यांना विसरून जाई. हा दोष माणसांतही आढळतो. रखमाबाईंचं नाव असंच गळालं, आणि नाव नाही तर पावती नाही.

“रविवारी पोरीचा साखरपुडा आहे हो भाऊ. पन्नास पानं स्टोव्हवर कशी उठवू?” त्या रोज काउंटरवर मला विचारत. मी म्हणे, साहेबांना विचारतो.

शेवटी नौपाड्याहून उत्तम नावाचा प्रोग्रामर आला. त्याने डीबगर लावला, म्हणजे चुका पकडणारा प्रोग्राम. हा प्राणी सुरू होतानाच चौकशा करतो. स्क्रीन रंगीत हवी का? मागची कामं आठवून ठेवू का? हेच नेहमीचं समजू का? दर वेळी ‘हो’साठी वाय दाबायचं, ‘नाही’साठी एन. उत्तम वाय दाबायला निघालेला, तेवढ्यात आमचे साहेब, म्हणजे मालक त्र्यंबकराव, यांनी त्याचा हात धरला.

“अरे, उद्या काही झालं तर विचारतील, ‘हो’ कोण म्हणालं होतं?”

एजन्सीची समिती बसली. चहा झाला. ठराव झाला की डीबगरच्या सेटिंगमध्ये एक ओळ घालावी: यापुढे काही विचारू नये, प्रत्येक प्रश्नाला उत्तर ‘नाही’ समजावं.

“साहेब, पण बंद करताना तो...” उत्तम म्हणाला.

“बंद करतानाचं बंद करताना बघू.”

डीबगर आता गुणी सुनेसारखा मुकाट सुरू झाला. बुधवारी उत्तमने चूक पकडली, दुरुस्त केली आणि रखमाबाईंचं नाव स्क्रीनवर आलं. मला खरंच बरं वाटलं. पावत्या सकाळी निघतात, म्हणून त्याने डीबगर बंद केला. बंद होताना तो एरवी विचारतो, दुरुस्ती ठेवू का? ठरावाप्रमाणे त्याने विचारलं नाही. ‘नाही’ समजला, आणि सकाळी नाव गायब.

गुरुवारी पुन्हा दुरुस्ती, सकाळी नाव पुन्हा गायब. शुक्रवारी तेच. सेटिंग बदलायची तर समितीने हो म्हणायला हवं. शनिवारी समिती जमली आणि तहकूब झाली. आठवड्याचा अहवाल झकास होता: दुरुस्त्या तीन, तक्रारी शून्य (तक्रार नोंदवू का, हाही प्रश्नच होता).

सोमवारी रखमाबाई साखरपुड्याचा शिरा घेऊन आल्या. त्याला रॉकेलचा वास येत होता. मला लाज वाटली, तरी मी तो खाल्ला.

“भाऊ, लग्नाला तरी मिळेल ना सिलिंडर?”

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब उत्तमकडे पाहत होते, उत्तम स्क्रीनकडे.

वाचकहो, इथवर वाचताना ‘हो, अगदी असंच चालतं’ म्हणून तुम्ही मान डोलावलीत. म्हणजे हो तुम्ही म्हणालात. रखमाबाईंना मी तुमचाच पत्ता दिला आहे.