उणे दीडशे अंशांचा धूर

श्यांग मेस्त्रींनी बटण दाबलं आणि पडद्यावरचा आकडा चढायच्या ऐवजी खाली उतरू लागला. बावीस, शून्य, उणे साठ. उणे दीडशेवर तो पोचला तेव्हा वाफेच्या सिगारेटच्या तोंडातून काळा धूर निघत होता आणि तिची प्लास्टिकची टोपी मेणासारखी वाकली होती. मेस्त्रींनी घाईने वीज बंद केली.

"गोठतंय म्हणतंय आणि जळतंय," ते म्हणाले. "हे काय गौडबंगाल?"

मागे न्ये शेठ चहाचा पेला घेऊन उभे होते. चीनमधल्या शाजिंगच्या त्या गल्लीत असल्या सिगारेटींचे कारखाने एकमेकांना खेटून होते आणि नव्या वर्षाच्या सुट्टीआधी सगळ्यांचीच धांदल चालली होती. "दुपारी खरेदीदाराचे यान साहेब नमुना तपासायला येणार," शेठ म्हणाले. "पास झाला तर सगळे घरी. नापास झाला तर सगळे इथेच. मीसुद्धा."

मेस्त्रींनी संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढलेलं होतं. गेल्या दोन सणांना ते गावी, हुनानला गेले नव्हते, आणि बायकोने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "मांस धुरावर टांगलंय. या खेपेला आला नाहीत तर शेजाऱ्यांना वाटून टाकीन. आणि पुढच्या सणाला तुमचा वाडगाही मांडायची नाही."

खरं तर दुखणं लहानसंच होतं. सिगारेटच्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि वेटोळ्यात धातूची नळी. वेटोळ्यात वीज खेळली की नळी न शिवताच तापते. किती तापली ते सांगायला तिला टेकवलेल्या दोन बारीक तारा. त्या 'थंड आहे' म्हणाल्या की यंत्र आणखी वीज सोडतं. या वेळच्या तारा परदेशातून आल्या होत्या, एक लाल आणि एक पिवळी. मेस्त्रींनी लाल तार प्लसला जोडली. लाल म्हणजे प्लस, हे हातालाच पाठ. शिवाय ऐन सणाच्या तोंडावर शुभाचा लाल रंग मायनसला कोण लावेल? पण त्या परदेशी जोडीत लाल हीच मायनस होती.

इंजिनियर दोउने वाकून पाहिलं आणि तिच्या ते लगेच ध्यानात आलं. पण वडिलांच्या वयाच्या मेस्त्रींना, शेठसमोर, तुमचं उलटं लागलंय असं सांगायचं कसं?

"माझ्याच प्रोग्राममध्ये घोळ असेल," ती म्हणाली. "बघते."

"बघ पोरी, नीट बघ," मेस्त्री मायेने म्हणाले. "तरुण वयात होतं असं."

दुपारी जेवणानंतरच्या झोपेसाठी दिवे मालवले, घडीच्या खाटा उघडल्या आणि कारखाना आडवा झाला. त्याआधी तारांना न शिवता दोउने गुपचूप प्रोग्राममधले प्लस-मायनसच उलटे करून ठेवले होते. मेस्त्रींना मात्र डोळा लागेना. पडल्या पडल्या त्यांनी तारांचं रिकामं पाकीट न्याहाळलं. चित्रात लाल तारेपुढे मायनसची आडवी रेघ होती. त्यांचे कान तापले. सगळे घोरत असताना ते उठले, तारा उलटून जोडल्या आणि परत येऊन झोपेचं सोंग घेतलं.

दिवे लागल्यावर बटण दाबलं. पुन्हा उणे, पुन्हा धूर.

मेस्त्रींना वाटलं, चित्रच चुकीचं छापलंय. दोउ पेला विसळायला गेली तेव्हा त्यांनी तारा होत्या तशा केल्या. मेस्त्री हात धुवायला गेले तेव्हा दोउने प्रोग्राम होता तसा केला. मग दोघं मिळून बटण दाबायला बसले. आकडा पुन्हा तळाला निघाला.

"मेस्त्री, तुम्ही काही केलंत का?"

"मी? मी कशाला काय करू? तू केलंस?"

"छे."

"म्हणजे हे स्वतःच्या मनाने उलटं चालतंय," शेठ म्हणाले आणि मटकन स्टुलावर बसले. तेवढ्यात यान साहेब दारात उभे राहिले.

मेस्त्रींना शेजाऱ्यांच्या घरात शिजणारं मांस दिसू लागलं. "शेठ," ते म्हणाले, "लाल तार मी उलटी लावली होती. मग सुलटी केली. मग पुन्हा उलटी."

"आणि मी प्रोग्राम उलटा केला," दोउ म्हणाली, "मग सुलटा."

शेठ बोटांवर हिशेब करू लागले आणि त्यांनी तो मध्येच सोडून दिला. "एकानेच काय ते करा. दुसऱ्याने हात मागे बांधून उभं राहायचं."

मेस्त्रींनी तारा बदलल्या आणि नवी टोपी चढवली. आकडा सुतासारखा सरळ चढला आणि दोनशे तीसवर स्थिरावला. शेठनी यान साहेबांना चहा दिला.

"आता माझ्या मीटरने बघू," यान साहेब म्हणाले. "याची तार तुटली होती. सकाळीच नवी बसवली, स्वतःच्या हाताने." तार लाल-पिवळीच होती. त्यांनी टोक नळीला टेकवलं आणि मीटरचा आकडा घसरत थेट तळाला जाऊन थांबला. "शेठ, नळीत बर्फ भरलाय की काय?"

शेठ छताकडे बघू लागले, दोउ स्वतःच्या चपलांकडे. खरेदीदाराच्या माणसाला, तोही चहा पीत असताना, तुमची तार उलटी लागलीय असं कोण सांगणार?

मेस्त्री पुढे झाले. आजची अब्रू तशीही गेलेलीच होती. "चूक माझी, साहेब. मघाशी तुमची पिशवी उचलून ठेवताना मीटरची तार निसटली. मी गडबडीत उलटी बसवली."

"तरीच," यान साहेबांचा चेहरा उजळला.

मेस्त्रींनी पाठ फिरवून मीटरच्या तारा बदलल्या. दोनशे तीस.

"नमुना चांगला आहे," यान साहेब म्हणाले. "पण या मेस्त्रींना शिकवल्याशिवाय मी सही करणार नाही. बसा, मीच शिकवतो."

मेस्त्री बसले. गाडीची वेळ जवळ येत होती.

"लाल तार प्लसला. देश कुठलाही असो, कारखाना कुठलाही असो. म्हणा."

"लाल तार प्लसला," मेस्त्री म्हणाले. दोउला खोकला आला.

"आता या तारांत दाखवा. लाल कुठे जाणार?"

मेस्त्रींनी एकवार दोउकडे पाहिलं, एकवार घड्याळाकडे, आणि शांतपणे चुकीच्या जागेवर बोट ठेवलं.

"शाब्बास," सही करता करता यान साहेब शेठना म्हणाले, "बघा, या वयातही माणूस शिकतो."