कटिंग ऑइलचा इतिहास

मिनलचा घसा बसला, तिथून सगळं सुरू झालं.

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत गुरुवारी फॅमिली डे होता. एचआरमधली मिनल सकाळपासून माइकवरून संगीत खुर्ची, लिंबू-चमचा आणि हरवलेली पोरं सांभाळत होती. जेवणाआधीचा शेवटचा कार्यक्रम पुकारायला तिने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

तो कार्यक्रम होता ‘कटिंग ऑइल’ या रॉक बँडचा. चौघंही याच कंपनीतली. गिटार वाजवणारा नवनाथ मशीन शॉपमध्ये, गाणारी स्वरूपा क्वालिटीत, ड्रमवाला निरंजन पेंट शॉपमध्ये आणि बेस वाजवणारा सयाजी स्टोअरमध्ये. मशीनवर धातू कापताना जे दुधाळ तेल वाहतं, त्याचा वास कितीही साबण लावला तरी नवनाथच्या हातांना यायचा. त्यावरून हे नाव पडलं होतं.

आजचा कार्यक्रम साधा नव्हता. कंपनीच्या मागची जुनी पॅकिंग शेड त्यांना सरावाला मिळाली होती आणि आता तीच शेड दुसऱ्या कामाला मागितली जात होती. प्लँट हेड प्रभाकर देवस्थळी म्हणाले होते, “फॅमिली डेला ऐकतो, मग ठरवतो.” देवस्थळी नाट्यसंगीतातले. गोंगाट झाला की ते कपाळ चोळायचे. शेड गेली तर सरावाला दुसरी जागा नव्हती. काळेवाडीतल्या नवनाथच्या सोसायटीने तर कधीच हात जोडले होते.

आणखी एक अडचण होती. गुरुवारी दुपारी बाराला देखभालीसाठी वीज जायची. जनरेटर होता, पण तो कँटीनपुरता. म्हणून बँडला बाराच्या आधीचा अर्धा तास मिळाला होता. त्यातला काही वेळ एका रुसलेल्या केबलने खाल्ला.

मिनलने खुणेनंच विचारलं, आता ओळख कोण करून देणार?

पहिल्या रांगेतून रंगराव उठले. नवनाथचे वडील. मूळचे अंबाजोगाईकडचे, भोसरीच्या लोखंड ठोकायच्या फोर्जिंग कारखान्यातून रिटायर झालेले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट त्यांनी याच दिवसासाठी काढला होता.

“मी सांगतो की. मला सगळं म्हाईत हाय.”

“आबा, दोनच शब्द,” नवनाथ केबल दातात धरून म्हणाला.

“दोनच,” रंगराव म्हणाले आणि त्यांनी माइक घेतला.

“मंडळी, या लेकरांची सुरुवात आमच्या घरात झाली. पयल्या दिवशी वाजवायला बसली आन् अर्ध्या तासात पोलीस आले ऐकायला. दोघंजण. बसा म्हनलं तरी बसले न्हाईत. उभ्यानं ऐकलं.”

मंडपात खसखस पिकली. नवनाथच्या तोंडातून केबल पडली.

“मग सोसायटीच्या गणपतीत पयला प्रोग्राम. एक गाणं झालं आन् चेरमन पळत आले. आरती घ्या म्हनले, लगेच घ्या! आमच्या सोसायटीत आरती कधी टायमावर झालेली न्हाई, बगा. या पोरांमुळं त्या दिवशी तासभर आधी झाली.”

आता लोक उघड हसायला लागले. स्वरूपा पुटपुटली, “नव्या, थांबव त्यांना.”

“कसं थांबवू? इथून उठलो तर वायर सुटतीय.”

रंगरावांना हसण्याचं वाईट वाटत नव्हतं. लोक खूश आहेत एवढंच त्यांना दिसत होतं. “आळंदी रोडला एका लग्नात वाजवलं. नवरीचे मामा कारखान्याचे डायरेक्टर, एवढा मोठा माणूस. स्टेजवर आले आन् पोरांसमोर दोन्ही हात जोडले. डोळ्यांत पाणी! बास करा म्हनले, आता सहन व्हत न्हाई.”

“काका, बक्षीस वगैरे?” मागून कोणीतरी ओरडलं.

“मिळालं न्हाई. पण पिंपरीच्या स्पर्धेत पयल्या चारात आले.”

“किती बँड होते?”

“चार,” रंगराव त्याच अभिमानाने म्हणाले. “आन् वाकडच्या हॉटेलात तर यांच्यानंतर कुणीच वाजवलं न्हाई. हॉटेलच बंद झालं.”

माणसं खुर्च्यांवरून घसरायला आली. देवस्थळी रुमालाने डोळे पुसत होते. निरंजनने ड्रममागे इतकं खाली वाकून घेतलं होतं, की फक्त केस दिसत होते. नवनाथने शेवटी एकदाची वायर बसवली, गिटारवर हात टाकला, आणि त्याच क्षणी वीज गेली.

स्पीकर मेले. गिटारमधून डास गुणगुणावा तेवढाच आवाज आला. माइकही बंद पडला होता, पण रंगरावांना ते कळलंच नाही. घणाच्या आवाजावर आवाज चढवून त्यांची हयात गेली होती. त्यांचं शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू येत होतं.

“एवढं झालं, पण चौघांतलं एक जण सुटलं न्हाई. शिफ्ट निराळ्या. ह्याची सुट्टी तर त्याचा ओव्हरटाइम. या स्वरूपाचं लगीन झालं, पंधरा दिवसांत सराव पुन्हा सुरू. सासूबाई डबा देतात सोबत. निरंजनचा हात मोडला, तर एका हातानं वाजवत बसला. म्हनून मी म्हनतो, माझा पोरगा बँडमधी हाय.”

या वेळी कोणी हसलं नाही. मग टाळ्या पडल्या. बराच वेळ पडत राहिल्या. आणि मग जेवण तयार असल्याची खूण झाली आणि सगळे उठले.

चौघं स्टेजवर तशीच बसून राहिली. वीज चारनंतर येणार, तोवर लोकांना नेणाऱ्या कंपनीच्या बस सुटलेल्या असणार. एकही सूर न वाजवता कार्यक्रम संपला होता.

“गेली शेड,” सयाजी म्हणाला.

तेवढ्यात देवस्थळी आले. सगळे उभे राहिले.

“बसा, बसा. खरं सांगू का, तुमचं ऐकावं लागणार म्हणून सकाळपासून माझं डोकं दुखत होतं. आता थांबलं.”

“सर, पुढच्या वेळी आम्ही…”

“ऐका तर. मला तुमच्या संगीतातलं काही कळत नाही. पण इतकी फजिती होऊनही तुम्ही चौघं एकत्र आहात. माझ्याकडे चार मॅनेजर एका मीटिंगमध्ये टिकत नाहीत. शेड तुमच्याकडेच राहू दे.” मग ते हळूच म्हणाले, “फक्त दार लावून घेत जा.”

जेवणं झाली, बस सुटल्या. रंगराव मात्र दुपारभर कँटीनमध्ये लोकांच्या गराड्यात बसून तोच इतिहास नव्याने सांगत होते. नवनाथ त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता. शेड वाचली याचा आनंद होता, पण आपली सगळी फजिती बापाने माइकवरून वाजवली, याचा सल जात नव्हता.

वीज आली तेव्हा मंडपात मांडववाल्यांची दोन माणसं खुर्च्यांच्या चळती लावत होती. स्पीकर अचानक घरघरले.

“जोडलेलंच आहे सगळं,” स्वरूपा म्हणाली. “वाजवायचं?”

“कोणासाठी?”

स्वरूपाने मानेने खूण केली. रंगराव मोकळ्या मंडपात आले होते आणि एक उरलेली खुर्ची ओढून मधोमध बसले होते.

चौघं वाजवायला लागली. ठरवलेली सगळी गाणी, एकामागून एक. मध्येच थांबवायला कोणी आलं नाही. कधी नव्हे ते त्यांना शेवटचं गाणंही वाजवायला मिळालं. मांडववाली माणसं खुर्च्या डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. रंगराव हलले नाहीत. गाणी संपल्यावर त्यांनी टाळीही वाजवली नाही.

नवनाथला राहवलं नाही. गिटार ठेवून तो खाली आला. “काय झालं, आबा? आवडलं नाही?”

“मी हे असं धड कधी ऐकलंच न्हाई रे.”

“म्हणजे? तुम्ही तर प्रत्येक कार्यक्रमाला होता!”

“बाहेर व्हतो. टेंपोपाशी, सामान राखत. आतलं सगळं मागून कळायचं. आतून गाणं कानावर यायचं तोवर तुमी बाहेर पडायचा. घरी पोलीस, कुटं आरती, कुटं मामा.” रंगराव जरा अवघडले. “मी आपलं म्हनलं, सगळीकडं बंद पाडत्यात, तर पोरं वाईटच वाजवत असतील.”

“आणि तरी एवढं कौतुक सांगत फिरता?”

“मग? माझं पोरगं हाय. वाईट वाजवतंय म्हनून सांगायचं न्हाई व्हय?” मग त्यांनी एकदम आवाज चढवला. “पर तुमी तर चांगलं वाजवता की रे, गाढवांनो!”

स्वरूपा हसता हसता स्टेजवर खालीच बसली. नवनाथने तोंड फिरवलं आणि उगाचच एक वायर गुंडाळायला घेतली. ती त्याच्याकडून सरळ गुंडाळली जाईना.

रंगराव मात्र आता बसेनात. ही गोष्ट कोणाला तरी लगेच सांगायला हवी होती, आणि मंडप तर रिकामा. शेवटी ते मांडववाल्यांच्या एका माणसासमोर जाऊन उभे राहिले. त्याच्या डोक्यावर अजून सहा खुर्च्या होत्या.

“ओ भाऊ, ऐकलं का? तो गिटारवाला माझा पोरगा हाय.”

“हो का? भारी वाजवतो, काका.”

“व्हय ना?” रंगराव म्हणाले, आणि पुढचं काही सुचेना म्हणून त्यांनी त्याच्या डोक्यावरच्या तीन खुर्च्या उतरवून घेतल्या आणि त्याच्यासोबत मांडवाच्या टेंपोकडे चालू लागले.