पहिल्या मासळीचा मान

श्रीसरोवरमाता समर्थ. शके चौदाशे एकोणीस, पिंगळनाम संवत्सरे, माघ शुद्ध पंचमीस उत्तरेकडील राज्यात वर्तमान घडले ते ऐसे. त्या मुलुखी थंडी बहुत, सरोवर थिजून दगड होई आणि बर्फाखाली रुपेरी मासळी वावरे, तिजऐसी गोडी दुसऱ्या कोण्या पाण्यास नाही. आणि राज्याची चाल ऐसी की, बर्फ फोडून वर्षाची पहिली मासळी निघे, ती छत्राखाली, नगारा वाजवीत, गावातील सर्वांत नव्या बाळंतिणीस पोचवावी. मग दुसरी महाराजांचे पानात. ते साली पातशहांचा वकील बहिरजीराव येऊन बोलिला, "पहिली मासळी हुजूरचे मुदपाकखान्यास द्यावी, न दिल्यास फौज निघेल." महाराज चिंतेत पडले आणि जाळ्यांची कारभारीण सरजाबाई, तीस विचारते जाहले. बाईची लेक येसू पाच दिवसांची ओली बाळंतीण, अंगावर दूध उतरेना, रडून रडून पोराचा घसा बसला. बाईचा जीव तिकडे, परंतु लेकीपायी फौज कशी ओढवावी, म्हणोन इतकेच म्हणाली, "माझी लेक आहे, मी नाही बोलायची. तुमच्या वेळी आईसाहेबांनी काय खाल्लं, तेवढं आठवा." महाराज हसले आणि नगाऱ्यास हुकूम दिधला.

मग बर्फ फोडिला, वीतभर मासळी निघाली आणि छत्र चालले. वकिलास वाटले, आपणाकडेच येते. पागोटे सावरून दोन्ही हात पुढे करून उभा राहिला, आणि मिरवणूक त्यास वळसा घालून गेली. तो रागे भरून मागे धावला, तो छत्र एका ठेंगण्या दाराशी वाकलेले.

"येथे कोण सरदार राहतात?"

"पाच दिवसांचे आहेत," सरजाबाई म्हणाली, "नाव ठेवायचंय अजून. जोडे काढा, बसा, आणि हळू बोला."

वकील ओसरीवर बसला. आत मासळीचे कढण शिजले, येसू वाटी वाटी प्याली, आणि दिवस कलता कलता रडे थांबले. बाई पदराने डोळे पुसून बाहेर आली. "लागले प्यायला सरदार."

मग वकिलाने हुजुरास लिहिले की, पहिली मासळी स्वामींहून थोरांस पोचली. त्यांजपाशी फौज नाही, दात नाहीत, आणि ते कोणास मुजरा करीत नाहीत. दुसरी महाराजांनी आपले पानातून काढून स्वामींस पाठविली आहे. ते वाचून पातशहांनी फौज थांबविली आणि बाळास जरीची कुंची धाडिली. सारांश, राज्य लहान, मासळी लहान, धनी त्याहून लहान; परंतु नगारा त्यांचाच वाजला.