तुळाजी शिक्रा खाली कसा उतरला

एका जंगलात लढाई चालली होती. कशावरून, ते विचारू नका बाळांनो. लढणाऱ्यांनाही नीट आठवत नव्हतं.

टेकडीवर गरुडमहाराजांचं राज्य होतं आणि ओढ्याकाठी कावळ्यांचं. कावळे रोज सकाळी थव्यानं यायचे, घरट्यांतली अंडी फोडायचे आणि निघून जायचे. महाराजांकडे राखणीला कोतवाल पक्षी होते. काळे, दुभंगल्या शेपटीचे, मूठभर अंगाचे. पण कावळा दिसला की थेट त्याच्या डोक्यावर बसून टोचायचे. महाराजांना मात्र ते आवडत नसत. मिरवणुकीत शोभत नाहीत म्हणायचे.

मग दरबारातल्या घुबडशास्त्र्यांनी एक शोध लावला. पावटे, मुळा आणि लवंगी मिरची कुटून त्यांनी गोळी वळली. ती गिळली की पाखराला पंख हलवावेच लागत नसत. जे काय व्हायचं ते मागच्या बाजूनं व्हायचं. फिदीफिदी हसू नका रे, शास्त्र आहे ते.

गोळीसाठी निवडलं तुळाजी शिक्र्याला. बिचारा गरीब स्वभावाचा, नुकताच संसाराला लागलेला. बायको सगुणा घरट्यात तीन अंड्यांवर बसलेली. तुळाजीनं गोळी गिळली आणि असा सुटला, की कावळ्यांनी मान वळवेपर्यंत पलीकडच्या डोंगरावर पोचला. दहा गोळ्या झाल्या की पोट बदलावं लागेल, असं शास्त्री जाता जाता म्हणाले. ते कुणी मनावर घेतलं नाही.

महाराज बेहद्द खूश झाले. त्यांनी हुकूम काढला, की याच्या पायांना धोंडेही बांधा, कावळ्यांवर टाकायला. धोंड्यांनी वेग कमी होतो, असं तुळाजीनं अदबीनं सांगितलं. मग लहान धोंडे बांधा, असं ठरलं.

खरी भानगड उतरण्यात होती. गोळीचा जोर ओसरला की तुळाजीला लांबलचक सपाट कातळावर सरळ रेषेत घसरत यावं लागे. तेव्हा त्याला ना वळता येई, ना पुन्हा वेग घेता येई. त्या वेळी एखादं चिमणीचं पिल्लूही त्याला लोळवू शकलं असतं. म्हणून त्यानं अर्ज केला, की मी उतरताना कातळावर दोन कोतवाल ठेवावेत.

सगळा दरबार पोट धरून हसला. सर्वांत वेगवान पाखराला मूठभर अंगाच्या कोतवालांची राखण? महाराजांनी अर्ज फेटाळला आणि त्याच बैठकीत सगळ्या कोतवालांना कामावरून कमी केलं.

"वर जायची काळजी नाही मला," सगुणा त्या संध्याकाळी म्हणाली. "खाली कसे याल तेवढं सांगा."

तुळाजी उद्याचे धोंडे मोजत बसला.

तिकडे ओढ्याकाठी कावळे हवालदिल झाले होते. त्यांच्यातला म्हातारा डोमकावळा, अप्पा, तेवढा शांत होता.

"त्याच्या मागे धावायचं नाही," अप्पा म्हणाला. "कितीही पळाला तरी घरी येईलच की. आपण तिथंच जाऊन बसू."

दुसऱ्या दिवशी तुळाजीनं आकाश गाजवलं. आकाशात होते तेवढ्या कावळ्यांतून दोनदा आरपार गेला. एक धोंडा महाराजांच्याच पुतळ्यावर पडला, पण जल्लोषात कुणाच्या लक्षात आलं नाही. मग गोळी ओसरली. खाली कातळ काळा दिसत होता. ढगाची सावली असेल, असं तुळाजीला वाटलं. तेवढ्यात सावली कावकाव करू लागली.

आता वळायची सोय नव्हती. डोळ्यांपुढे ती तीन अंडी दिसू लागली. तो सरळ कावळ्यांच्या चोचींकडे घसरत निघाला.

इतक्यात शेजारच्या बाभळीवरून काहीतरी काळं झेपावलं आणि अप्पाच्या डोक्यावर बसलं. कालच काढून टाकलेला जानकोजी कोतवाल होता तो. त्यानं अप्पाला असं काही टोचलं, की अप्पा बोंबलत उठला आणि त्याच्यामागे अख्खा थवा उठला. त्या गोंधळातून तुळाजी घसरत गेला आणि करवंदीच्या जाळीत जाऊन अडकला. शेपूट गेलं होतं. जीव होता.

"तुम्हाला तर हुकूम नव्हता," तो धापा टाकत म्हणाला.

"कावळ्यांना तरी कुठं होता?" जानकोजी म्हणाला.

दरबारात विजयोत्सव झाला. घुबडशास्त्र्यांना पदवी मिळाली. तुळाजीला शेपटीवर लावायचं पदक मिळालं. जानकोजीवर खटला चालला. नोकरीत नसताना राजकातळावर विनापरवाना उडाला, म्हणून त्याला हद्दपार केलं. तो निमूटपणे हद्दीबाहेरच्या एका बाभळीवर जाऊन बसला. शेवटी महाराजांनी जाहीर केलं, की उद्यापासून तुळाजीला दुप्पट मोठी गोळी देण्यात येईल, म्हणजे उतरतानाही तो कुणाच्या हाती लागणार नाही.

तुळाजीनं मान डोलावली. पदक दरबाराच्या उंबऱ्यावर ठेवलं. मग त्यानं आणि सगुणेनं तिन्ही अंडी एकेक करून त्या हद्दीबाहेरच्या बाभळीवर नेली. अगदी हळू, पंख हलवत.

तात्पर्य : बाळांनो, खूप वेगानं उडावं, पदक घ्यावं आणि खाली कधीच उतरू नये. उतरायचंच असेल, तर एखाद्या कोतवालाशी आधी ओळख करून ठेवावी. दरबारात मात्र ती दाखवू नये.